अनुशेष मोजणारा माणूस

मराठवाड्यात सभा कोणत्याही पक्षाची असो, भाषणात एक शब्द हमखास येतो. तो म्हणजे अनुशेष. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, शिक्षणाचा अनुशेष. शब्द तसा जड, संस्कृत वळणाचा. आमच्या हिमायतनगरच्या बाजारात जुनी माणसे त्यालाच 'बाकी' म्हणतात आणि आमच्या घरातल्या दखनीत तो 'बकाया' होतो. अर्थ तिन्हींचा एकच. देणे होते, ते दिले गेले नाही. पण देणे होते एवढे म्हणून भागत नाही. किती होते तेही सांगावे लागते. दुकानदार वही उघडून आकडा दाखवतो, तेव्हाच बाकी खरी ठरते. मराठवाड्याच्या बाकीची अशी वही नीट लिहिली गेली १९८४ साली. ती लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर.

मी कविता लिहिणारा माणूस. आकड्यांशी माझा संबंध बी. ए.च्या परीक्षेपुरता आणि विजेच्या बिलापुरता. अर्थशास्त्रज्ञावर मी काय बोलणार, असे कुणालाही वाटेल. पण या गृहस्थांनी आयुष्यभर जे मोजले, त्याचा परिणाम माझ्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. रेशनकार्डावर आहे, पीकविम्याच्या पावतीवर आहे, रोजगार हमीच्या हजेरीपटावर आहे. त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांची ओळख करून द्यावी असे वाटले.

गावात जाऊन मोजणारी शाळा

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्यात झाला. त्यांचे शिक्षण संख्याशास्त्राचे. ते कामाला लागले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत. ही संस्था १९३० साली भारत सेवक समाजाने रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून स्थापन केली होती आणि तिचे पहिले संचालक होते धनंजयराव गाडगीळ. सहकारी साखर कारखानदारीच्या इतिहासात प्रवरानगरच्या कारखान्याबरोबर ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे गाडगीळ. या संस्थेची रीत ठरलेली होती. आधी गावात जायचे, घरोघर माहिती गोळा करायची, तक्ते मांडायचे आणि मग मत द्यायचे. मत आधी आणि माहिती मागाहून, असे तिथे चालत नसे.

दांडेकरांच्या उमेदीच्या वर्षांत देशही नुकताच स्वतःला मोजू लागला होता. १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. प्रत्येक घर मोजणे शक्य नाही, म्हणून शास्त्रशुद्ध रीतीने थोडी गावे आणि थोडी घरे निवडायची आणि त्यांच्यावरून देशाचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत. भाताची दोन शिते चाचपून भांड्याची परीक्षा करण्यासारखेच हे. अट एवढीच की शिते वरवरची नसावीत. पहिल्या काळातल्या तक्त्यांचे काही काम गोखले संस्थेकडे होते आणि दांडेकर त्यात मुरले. महाराष्ट्रातली गावे जातवार आणि व्यवसायवार कशी वसली आहेत, याची पाहणी त्यांनी म. भा. जगताप यांच्यासह केली. 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हे त्यांचे पुस्तक १९५७ साली आले. ते मराठीत होते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

त्याच वर्षी त्यांचा दुसरा एक अहवाल प्रसिद्ध झाला. विषय होता १९४८ चा मुंबई कूळ कायदा. कायदा कागदावर उत्तम होता. कसणाऱ्याला संरक्षण, खंडावर मर्यादा, सगळे होते. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदानपूर यांनी गावोगाव विचारपूस केली, तेव्हा चित्र वेगळेच दिसले. कुळे 'राजीखुशीने' जमिनी सोडत होती. खंड पूर्वीसारखाच चालू होता. कित्येक गावांत तर कायद्याचा मागमूसही नव्हता.

हा मुलूख मुंबई राज्याचा. आमचा नांदेड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि आमच्याकडे १९५० चा हैदराबादचा स्वतंत्र कूळ कायदा होता. त्याची तपासणी हैदराबादचे अर्थशास्त्रज्ञ अली मोहम्मद खुसरो यांनी केली. जहागिरी संपल्यानंतर आणि कूळ कायदा आल्यानंतर गावात नेमके काय घडले, यावरचा त्यांचा ग्रंथ १९५८ साली उस्मानिया विद्यापीठाने काढला. एकमेकांपासून दूर असलेली ही दोन माणसे जवळजवळ एकाच वेळी एकच प्रश्न विचारत होती: कायदा झाला हे ठीक, पण बांधावर काय झाले? ग्रामीण धोरणाचा अभ्यास म्हणतात तो या प्रश्नापासून सुरू होतो.

पंधरा रुपयांची रेघ

दांडेकर १९६६ साली गोखले संस्थेचे संचालक झाले आणि १९८० पर्यंत त्या पदावर होते. या काळातले त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे नीलकंठ रथ यांच्यासोबत लिहिलेला 'भारतातील दारिद्र्य' हा प्रबंध. रथ मूळचे ओडिशाचे, पण त्यांचे काम पुण्यात. १९७१ च्या जानेवारीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकाच्या दोन अंकांत तो छापून आला. दोन महिन्यांनी लोकसभेची निवडणूक झाली आणि 'गरिबी हटाओ' ही घोषणा देशभर घुमली. गरिबी हटवायची हे सगळ्यांना मान्य होते. पण गरीब किती आहेत, हे कोण सांगणार?

या दोघांची रीत साधी आणि चोख होती. माणसाला जगायला दिवसाला सरासरी २,२५० उष्मांक लागतात असे धरायचे. मग नमुना पाहणीच्या तक्त्यांत पाहायचे, की दरमहा किती खर्च करणाऱ्या घरांना एवढे अन्न मिळते. १९६०-६१ च्या किमतींनुसार उत्तर निघाले खेड्यात माणशी महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. याच्या आत ज्यांचा खर्च, त्यांना पोटभर अन्नही मिळत नाही. या हिशोबाने त्या वर्षी खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे रेघेच्या खाली निघाली. लक्षात घ्या, ही सुखाची रेघ नव्हती, पोटाची होती. आणि तिच्याखाली इतकी माणसे होती.

यावर वाद झडले. सगळ्यांत मोठा वाद पुढे त्यांच्याच जिल्ह्यातल्या माणसाशी झाला. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगभर मान मिळवलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे, की माणसाची उष्मांकांची गरज एकसारखी नसते. तीच व्यक्ती कमी अन्नावरही काही मर्यादेपर्यंत तग धरते. म्हणून सरासरी गरजेवर रेघ ओढली तर गरिबी फुगून दिसते. दांडेकरांनी १९८१ च्या सुमारास त्याला सविस्तर उत्तर दिले. दोघेही पुण्यात राहून एकमेकांची गणिते तपासत होते. वाद कडाक्याचा होता, पण तो आकडे समोर ठेवून झाला.

या प्रबंधाचा दुसरा भाग मात्र आमच्या खेड्यांच्या दृष्टीने जास्त मोलाचा. गरिबी हटवायची कशी? जमिनीचे फेरवाटप करून सगळा प्रश्न सुटेल, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. दांडेकर आणि रथ यांनी हिशोब मांडून सांगितले, की जमीन कमी आणि माणसे फार. वाटप करूनही सगळ्यांचे पोट भरणार नाही. डाव्या विचारांच्या बऱ्याच लोकांना हे रुचले नाही. या दोघांचा मार्ग होता कामाची हमी. खेड्यात सार्वजनिक कामे काढा, जो मागेल त्याला काम द्या आणि किमान मजुरी द्या.

महाराष्ट्रात या वाटेने वि. स. पागे स्वतंत्रपणे चालत होते. १९६५ साली त्यांनी तासगाव तालुक्यात असा प्रयोग करून पाहिला होता. त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. मराठवाड्यात ज्यांनी तो भोगला, त्यांना वेगळे सांगायला नको. माझ्या वडलांच्या पिढीत खडी फोडलेले हात, नालाबंडिंगची कामे आणि लाल मिलोच्या भाकरी यांच्या गोष्टी कधी संपत नसत. त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव हाताशी होता. दांडेकरांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर या स्वतः लोकसंख्याशास्त्रज्ञ. रोजगार हमीच्या कामांवर बायकांची संख्या किती मोठी आहे, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. एकच घर, दोन अभ्यासक, आणि दोघांची नजर हजेरीपटावरच्या माणसाकडे.

मंडळाची सरासरी आणि माझा बांध

आता आमच्याकडे रोज बोलला जाणारा विषय घेतो, पीकविमा. हिमायतनगर तालुक्यात सोयाबीन आणि कापूस ही मुख्य पिके. पाऊस एक तर उघडीप देतो, नाही तर झोडपून काढतो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टीने काय केले, ते सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी गावात एकच प्रश्न असतो: विमा बसला का?

पीकविमा भारतात चालूच शकत नाही, असे एकेकाळी तज्ज्ञांचे मत होते. १९७० साली धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तसेच सांगितले. अडचण खरी होती. लाखो शेतकऱ्यांच्या लाखो तुकड्यांवर जाऊन कुणाचे किती नुकसान झाले, हे कोण पाहणार? आणि विमा आहे म्हणून कुणी पिकाकडे लक्षच दिले नाही, तर? दांडेकरांनी १९७६ साली एक लेख लिहून यावर तोड सुचवली. एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजू नका, भागाचे मोजा. एकसारख्या हवामानाचा एक भाग घ्या. तिथे पीक कापणी प्रयोग करून सरासरी उत्पन्न काढा. ते ठरलेल्या उत्पन्नापेक्षा जितके कमी, तितकी भरपाई त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना द्या. मग मेहनती शेतकऱ्याला मेहनतीचे फळ मिळते आणि आळशाला आळशीपणाची भरपाई मिळत नाही.

१९७९ पासून सर्वसाधारण विमा महामंडळाने या पद्धतीवर प्रायोगिक योजना चालवली. १९८५ साली देशाची सर्वंकष पीकविमा योजना आली, १९९९ साली राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि २०१६ साली प्रधानमंत्री पीकविमा योजना. नावे बदलली, हप्ते बदलले. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एक रुपयात विमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो बंदही झाला. पण पाया तोच राहिला. आज आपण 'उंबरठा उत्पन्न' म्हणतो ती तीच रेघ. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल असेल आणि मंडळाची सरासरी ७ क्विंटल निघाली, तर विमा रकमेच्या ३० टक्के भरपाई. हिशोब तिसरीतल्या मुलालाही कळेल.

पण याच हिशोबात आमच्या शेतकऱ्याची तक्रारही आहे. पैनगंगेच्या काठचे माझे रान पुराने खरवडून नेले आणि मंडळातल्या माळावरच्या रानांत पीक बरे आले, तर सरासरी उंबरठ्याच्या वर जाते. मग माझ्या हातात काय? यासाठीच पुढे पुरासारख्या स्थानिक आपत्तीत वैयक्तिक पंचनाम्याची तरतूद आली आणि विम्याचा भाग तालुक्यावरून महसूल मंडळापर्यंत लहान होत गेला. भाग एकजिनसी असावा, हे तर दांडेकरांच्या सूचनेतच होते. सरासरी हे फार उपयोगी साधन आहे, पण ती कुणाकुणाची काढली यावर सगळे अवलंबून असते. याच प्रश्नाने त्यांचे पुढचे मोठे काम घडले.

पाणी कोणत्या मापाने मोजायचे

१९७९ साली पाटबंधाऱ्यांच्या पाण्याबाबत एक अहवाल तयार झाला. दांडेकर, दत्ता देशमुख आणि देऊसकर या तिघांनी त्यात 'आठमाही' पाण्याचा आग्रह धरला. धरणाचे पाणी बारा महिने थोड्यांच्या उसाला देण्याऐवजी खरीप आणि रब्बी अशा आठ महिन्यांत जास्त शेतकऱ्यांच्या भुसार पिकांना द्या, असा त्याचा गाभा. आमच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण हेही या विचाराचे पुरस्कर्ते होते. उसाचे राजकारण जाणणाऱ्यांना हे काम किती अवघड, ते सांगायला नको.

आता अनुशेषाकडे वळू. मराठवाडा १९५६ साली विनाअट मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात समतोल विकासाची वचने दिली गेली होती आणि राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची तरतूद झाली होती. पण वर्षे गेली आणि मागासलेपण तसेच राहिले. १९७४ साली विद्यार्थी रस्त्यावर आले, मराठवाडा विकास आंदोलन पेटले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसे मराठवाडा जनता विकास परिषदेच्या वतीने सतत मागणी करत राहिली. मागणी रास्त होती, पण तिच्यात आकडा नव्हता. मुंबईत विचारले जाई, मागास म्हणजे किती मागास?

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारने सत्यशोधन समिती नेमली आणि अध्यक्षपद दांडेकरांना दिले. १९८४ मध्ये अहवाल आला. पद्धत पुन्हा तीच, रेघ ओढायची. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि जलसंधारण, पशुवैद्यकीय सेवा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला जितका खर्च येईल, तो त्याचा अनुशेष. सिंचनात एक पेच होता. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर ज्वारी, दोन्ही 'भिजलेले क्षेत्र'. पण पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून समितीने सगळे सिंचन रब्बी पिकाच्या एकाच मापात बसवले. सगळ्यांत मोठा अनुशेष निघाला तोही पाटबंधाऱ्यांचाच.

राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के आणि मराठवाड्याचा २३.५६ टक्के, म्हणजे सुमारे ७५१ कोटी. हे आकडे सगळ्यांनाच थोडे टोचणारे होते. पश्चिम महाराष्ट्र पुढारलेला आणि आम्ही मागास, अशी सरळ विभागणी आमच्याकडे होत असे. पण 'उर्वरित महाराष्ट्रा'तही कोकण होते, दुष्काळी पट्टे होते, आणि त्यांचीही बाकी निघाली. दांडेकरांनी प्रदेश नव्हे तर जिल्हा हे एकक धरले होते, त्यामुळे हे दिसले. वही प्रामाणिकपणे लिहिली, की शेजाऱ्याची बाकीही त्यात येते. पैनगंगेच्या अलीकडे आमचे हिमायतनगर मराठवाड्यात, पलीकडे उमरखेड विदर्भात. नदी एक, आणि दोन्ही काठांवर अनुशेष.

वही लिहिली, पुढे काय

सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही आणि फेटाळलाही नाही. पण अंदाजपत्रकात अनुशेषासाठी वेगळी तरतूद होऊ लागली. १९८४ मध्येच विधिमंडळाने वैधानिक विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. मंडळे प्रत्यक्षात यायला मात्र १ मे १९९४ उजाडला. दुसऱ्या वर्षी, ३० जुलै १९९५ रोजी दांडेकर वारले. १९७० मध्ये स्थापन केलेली इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी ही संस्था आणि तिचे नियतकालिक यांत ते शेवटपर्यंत गुंतलेले होते.

त्याच वर्षी भुजंगराव कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली. तिने १९९४ ची स्थिती मोजली. एकूण अनुशेष निघाला सुमारे १४,००७ कोटी. दहा वर्षांत महागाई वाढली, मापेही थोडी बदलली, म्हणून रुपयांची थेट तुलना करू नये. पण वाट्याची तुलना काही तरी सांगते. मराठवाड्याचा वाटा २३.५६ वरून २८.५९ टक्क्यांवर गेला, विदर्भाचा ३९.१२ वरून ४७.२९ वर, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ वरून २४.१२ वर आला. म्हणजे बाकी मोजल्यानंतरच्या दहा वर्षांत ती उर्वरित महाराष्ट्रात जास्त वेगाने भरली गेली आणि आमच्याकडे हळू. ही गोष्ट कुणाच्या भाषणातून कळली नसती. दुसऱ्यांदा मोजले म्हणून कळली.

पुढे २०११ मध्ये डॉ. विजय केळकर यांची समिती नेमली गेली. २०१३ मध्ये तिने अहवाल दिला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.

दांडेकरांच्या रेघांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर हे नुसते गौरवाचे भाषण होईल. दारिद्र्यरेषा त्यांनी काढली ती देशात गरीब किती आहेत हे कळावे म्हणून. पुढे तीच कल्पना गावात आली ती 'दारिद्र्यरेषेचे कार्ड' होऊन. २००२ च्या सर्वेक्षणात १३ निकषांवर घरांना गुण दिले गेले. कुणाचे नाव आले, कुणाचे गळले, यावर ग्रामसभांत भांडणे झाली. किती गरीब आहेत हे सांगणारे माप कोण गरीब आहे हे सांगायला वापरले, की असे होते.

अनुशेषाच्या बाबतीतही तसेच. १९८४ साली हिमायतनगर तालुका नव्हता, तो हदगावचा भाग होता. जिल्ह्याच्या सरासरीत नांदेड शहर आणि किनवटचा आदिवासी पाडा एकाच तागडीत तोलले गेले. जिल्हा सरासरीला पोचला, म्हणजे तालुका पोचला असे नाही, आणि तालुका पोचला म्हणजे कालव्याच्या टोकाचा शेतकरी पोचला असेही नाही. शिवाय पैसे खर्ची पडणे आणि पाणी शेतात पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत पहिली भरली तरी दुसरी कोरी राहू शकते.

पण यावरचा उपाय मोजणे सोडून देणे हा नाही. उलट अधिक जवळून मोजणे हा आहे. दांडेकर आमच्या बाजूचे पुढारी नव्हते. ते सातारचे, पुण्यात काम करणारे. मराठवाड्यावर त्यांनी उपकार केले असेही मी म्हणणार नाही, कारण त्यांनी आमचा आकडा फुगवला नाही. जेवढी बाकी निघाली तेवढीच लिहिली, शेजाऱ्याचीही लिहिली. म्हणूनच तो आकडा सहज खोडता आला नाही आणि पुढची दहा वर्षे विधिमंडळात, मोर्च्यांत आणि वर्तमानपत्रांत तो वापरता आला. रडगाण्याला उत्तर देता येते, वहीला देता येत नाही.

आमच्या गावाचे जुने नाव वाढोणा. निजामाच्या राजपुत्राच्या नावावरून ते हिमायतनगर झाले. हिमायत म्हणजे पाठराखण. अशी पाठराखण दरबारातून मिळायचे दिवस गेले. आता ग्रामसभेत पीक कापणीचा प्रयोग कोणत्या गटात झाला हे विचारणारा शेतकरी, हजेरीपटावर आपले दिवस बरोबर लिहिले की नाही हे वाचून घेणारी बाई, कालव्याचे पाणी टोकापर्यंत किती पाळ्यांत आले याची नोंद ठेवणारी पाणीवाटप संस्था, यांच्याकडूनच ती व्हायची आहे. त्यांपैकी कुणालाही दांडेकरांचे नाव ठाऊक असायला हवे असे नाही. त्यांचे काम मात्र हीच माणसे पुढे नेत आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)